निळ्या कोटांची मोजदाद

श्री. साडूभाऊ यांस,

सप्रेम नमस्कार. विनंती विशेष अशी काही नाही, सहज खुशाली कळवावी म्हणून लिहायला बसलो (असं समजून निदान पहिली चार पानं तरी वाचावीत). इकडे सर्व ठीक. माझी तब्येत उत्तम आहे. कंबर धरली आहे, दोन्ही गुडघे सोलले आहेत आणि उजव्या अंगठ्यात एक टाचणी गेली होती ती निघाली, एवढंच. ताईंच्या गुडघ्याचं कसं काय? डावा ना? (उजवा असेल तर हीच चौकशी उजव्याची समजावी.) ऑपरेशननंतर त्या काठी न घेता दारापर्यंत गेल्या हे ऐकून आनंद झाला, मात्र इतक्या घाईने बरं होण्याची काही गरज नाही असं मला मनापासून वाटतं. त्याचं कारण पुढे येईल.

एवढा फोन हाताशी असताना पत्र का, असं तुम्हाला वाटेल. साडूभाऊ, राग मानू नका, पण तुम्ही फोन घेता तेव्हा कानातलं यंत्र काढून ठेवता, फोनचा आवाज पूर्ण मोठा करता आणि तो टेबलावर ठेवून त्याच्याशी वर्गात बोलावं तसं बोलता. ‘काय, गोधडीचं काय झालं?’ असं तुम्ही एकदा विचारलंत की तुमची मेहुणी, म्हणजे माझी सौभाग्यवती (सध्या मुक्काम तुमच्याकडे), पलीकडच्या खोलीतून नाही, रस्त्याच्या पलीकडच्या वाण्याकडून धावत येईल. म्हणून पत्र. पाकिटावरचा पत्ता माझ्या अक्षरात नाही, आमच्या खालच्या शिंप्याने लिहिला आहे, आणि पाठवणारा म्हणून चष्म्याचं दुकान असं घातलंय, म्हणजे कुणाला संशय यायला नको. पत्र न्हाणीघरात कडी लावून वाचावं. मोठ्याने वाचू नये. शुद्धलेखनाच्या चुका लाल शाईने दुरुस्त करून परत पाठवू नये, तुम्ही आता मुख्याध्यापक नाही आणि मीही आता भांडारप्रमुख नाही.

खरी गोष्ट त्या ‘नाही’पासूनच सुरू होते. पंप बनवणाऱ्या कारखान्याच्या भांडारात मी पस्तीस वर्षं काढली. पाच हजार सातशे प्रकारचे सुटे भाग, प्रत्येकाला नंबर, प्रत्येकाला कप्पा, प्रत्येक कप्प्यावर कार्ड. कुणी अंधारात येऊन वॉशर मागितला तरी हात घालून काढून देत असे. निवृत्त होऊन आठ महिने झाले आणि या आठ महिन्यांत मला घरात कुणी काहीच मागितलं नाही. मी आपणहून स्वयंपाकघर लावायला घेतलं तेव्हा दुसऱ्या दिवशी तुमच्या मेहुणीला मीठ मिळेना (ते ‘म’मध्ये होतं) आणि मला तिथून प्रेमाने बाहेर काढण्यात आलं. मग मी जिन्यातल्या चपला लावल्या. त्यावर शेजाऱ्यांनी तक्रार केली, कारण त्यात त्यांच्याही होत्या. घरात हात न लागलेली एकच जागा उरली, ती म्हणजे तिची गोधड्यांची खोली.

ती खोली तुम्ही बाहेरूनच पाहिली असेल, कारण आत उभं राहायला जागाच नसे. मुलगी लग्न होऊन गेली तशी ती खोली रिकामी झाली असं म्हणतात, पण मी ती रिकामी कधी पाहिली नाही. सकाळी मुलीचं सामान गेलं आणि संध्याकाळी कापड आलं. शिलाई मशीन, इस्त्रीचं टेबल, छतापर्यंत तीन फडताळं, आणि त्यांत, त्यांच्यावर, त्यांच्याखाली आणि त्यांच्यामागे चिंध्या. (हा शब्द तिच्यासमोर वापरू नये. तुकडे म्हणावं. मी एकदा चिंध्या म्हणालो होतो, त्यानंतर दोन दिवस आमच्याकडे फक्त भांड्यांचा आवाज होता.) मी रोज दुपारी चार वाजता तिच्यासाठी चहाचा कप घेऊन त्या दारापर्यंत जात असे. ती पाय न हलवता हात लांब करून कप घेई, मी परत येई. एवढाच माझा त्या खोलीशी संबंध.

ताईंसाठी तुमच्याकडे यायला निघताना ती रिक्षात बसल्यावर मला म्हणाली, “खोलीची खिडकी रोज उघडत जा. बाकी कशाला हात लावू नका.” आता साडूभाऊ, तुम्ही शिकलेसवरलेले आहात. ज्या माणसाने पस्तीस वर्षं सामान लावलं, त्याला एखादी बाई कशालाही हात लावू नका असं मुद्दाम, रिक्षा थांबवून सांगते, तेव्हा त्याचा अर्थ काय होतो? मला वाटलं, बिचारीला सांगायला संकोच वाटतोय. चार दिवस मी नुसती खिडकी उघडली. पाचव्या दिवशी, म्हणजे गेल्या बुधवारी, खिडकी उघडून परत येताना एका पेटीला पाय लागला, ती कलंडली, आतून रिळं घरंगळत फडताळाखाली गेली, ती काढायला मी ओणवा झालो आणि तिथे मला जे दिसलं त्यानंतर स्वस्थ बसणं माझ्या शिक्षणात बसत नव्हतं.

सगळी यादी देत नाही, वाचून तुम्हाला चक्कर येईल. पण बिस्किटांच्या डब्यात बटणं होती, बटणांच्या डब्यात खडू, खडूच्या डब्यात बॉबिन आणि ज्या डब्यावर बॉबिन असं तिच्या हाताने लिहिलं होतं त्यात बिस्किटं. मोजायच्या टेपा सात सापडल्या, पैकी एक पंचवीस इंचांनंतर एकदम बत्तीस इंचांवर जात होती, मधलं कुणीतरी कापलं होतं (त्या टेपेने कुणाकुणाचे कपडे शिवले असतील याचा विचार मी करत नाही). आत घालायच्या कापसाच्या गुंडाळीत माझा हरवलेला चष्मा होता. आणि एका पिशवीत कापडाचा एक तागा होता, ज्याला चिकटवलेल्या चिठ्ठीवरची तारीख एकोणीस वर्षांपूर्वीची होती. एकोणीस वर्षं न हललेला साठा! आमच्या कारखान्यात दोन वर्षं न हललेल्या साठ्यासाठी खुलासा मागत. मी सवयीने खुलासा मागणारी चिठ्ठी लिहूनसुद्धा ठेवली, मग कुणाला द्यायची हे आठवून फाडली.

बुधवार, गुरुवार, शुक्रवार मी राबलो. इतका आनंद मला आठ महिन्यांत झाला नव्हता, हे मी तुम्हाला मोकळेपणाने सांगतो. भूक वेळेवर लागत होती, झोप छान येत होती, शीळसुद्धा वाजवत होतो. सगळं कापड खाली काढलं, झटकलं, आकाराप्रमाणे लावलं, हातभर, वीतभर आणि बोटभर, आणि प्रत्येक आकारात जुनं पुढे, नवं मागे, कारण आधी आलेलं आधी निघालं पाहिजे हा भांडाराचा पहिला नियम आहे. डब्यांना नंबर दिले. पुठ्ठ्याची खोकी कापून दोनशे बारा लेबलं केली. (माझी स्वयंपाकघरातली कात्री बोथट, पण तिच्या खणात तळाशी मखमलीत गुंडाळलेली एक मोठी काळ्या मुठीची कात्री मिळाली. काय धार! जाड पुठ्ठा लोण्यासारखा कापला. इतकी चांगली वस्तू गुंडाळून का ठेवायची ते मला समजेना.) रोज संध्याकाळी सहाला तिचा फोन यायचा, ती विचारायची खिडकी उघडता ना, मी म्हणायचो हो, आणि मनातल्या मनात तिच्या परत येण्याच्या दिवसाचं चित्र रंगवायचो. ती दारात उभी आहे. हातातली पिशवी खाली पडली आहे. माझ्याकडे बघते आहे, आणि तिला बोलवत नाहीये. साडूभाऊ, हे चित्र अजूनही खरं होऊ शकेल, फक्त वेगळ्या कारणाने.

कारण सगळ्यात शेवटी राहिली होती भिंत. मशीनसमोरच्या भिंतीवर एक करडी जुनी लोकरी चादर खिळ्यांनी ताणून लावली होती आणि तिच्यावर कापडाचे तळहाताएवढे चौकोन नुसते चिकटलेले होते, ना टाचणी ना टाका. मला वाटलं, लोकरीला कापड चिकटतं ना, तसे उडून उडून चिकटले असतील. तिने जागा नाही म्हणून तिथेच राहू दिले असतील. (हसू नका. आमच्याकडे पंख्याच्या जाळीला पावत्या चिकटायच्या.) शनिवारी सकाळी मी ते सगळे उतरवले. मोजले. एकशे चाळीस. निळे साधे सत्तर, छापील सत्तर. दहा दहाच्या गड्ड्या बांधल्या, लेबल लावलं, ‘निळे, किरकोळ, ७० नग’ आणि ‘छापील, किरकोळ, ७० नग’, आणि फडताळ दोन, कप्पा पाच इथे ठेवले. मग अंघोळ केली, धुतलेला सदरा घातला आणि कुणीतरी बघायला पाहिजे म्हणून खालच्या शिंप्याला बोलावलं.

या गृहस्थांना मी इंचपट्टी म्हणतो, कारण त्यांच्या गळ्यातली टेप मी लग्नकार्यातसुद्धा उतरलेली पाहिली नाही. बोलणं कमी. ते आले, फडताळं पाहिली, एक डबा उघडून आत खरंच बटणं आहेत याची खात्री केली आणि मान डोलावली. मला बरं वाटलं. मग त्यांची नजर टेबलावर गेली, तिथे मी शेवटची लेबलं कापत होतो. ते एकदम स्टुलावर बसले आणि पाणी मागितलं. मी उकाड्याने झालं असेल म्हणून पंखा वाढवला. त्यांनी ती काळ्या मुठीची कात्री उचलली, उजेडात धरली, उघडझाप केली आणि हळूच परत ठेवली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आल्यासारखं वाटलं, पण खोलीत धूळही फार उडाली होती. मग त्यांनी भिंतीकडे पाहिलं आणि विचारलं, इथे होतं ते कुठे गेलं? मी अभिमानाने फडताळ दोन, कप्पा पाच दाखवला. त्यांनी लेबल दोनदा वाचलं. शेवटी म्हणाले, “साहेब, ते सामान नव्हतं. ते काम होतं.”

मग त्यांनी मला समजावलं, शाळेतल्या मंद पोराला समजावतात तसं. गोधडीचे तुकडे शिवायच्या आधी असे लोकरीवर लावून बघतात. रोज लांबून बघायचं, एक इकडचा तिकडे करायचा, पुन्हा बघायचं, महिनेच्या महिने. बाई दोन वर्षं तरी त्याच्यावर होत्या, दोरे घ्यायला दुकानात आल्या की सांगायच्या. मग ते निळ्यांची एक गड्डी बोटांत चोळत म्हणाले, हे कोटाचं कापड आहे, असलं जाड कापड कुणी गोधडीला विकत आणत नाही. मी एक चौकोन हातात घेतला. त्याच्या कोपऱ्यात शाईचा डाग होता, लहान मुलाच्या बुटासारखा दिसणारा. साडूभाऊ, तो डाग माझा आहे. नोकरीच्या अकराव्या वर्षीच्या वार्षिक मोजदादीत खिशात पेन फुटलं होतं तेव्हाचा. कारखाना आम्हाला वर्षाला एक निळा कोट देत असे, मी तो वर्षभर घालायचो, नवा आला की जुना घरी टाकायचो. पुढे त्याचं काय होतं हे मी कधी विचारलं नव्हतं. जुन्या कपड्यांत जात असेल म्हणायचो. तो जात नव्हता. पस्तीस कोटांचे प्रत्येकी दोन चौकोन, आणि मी त्यांना किरकोळ असं लेबल लावलं होतं.

इंचपट्टी गेल्यावर मी स्टुलावर बसून राहिलो. सामान विस्कटलं याचं इतकं नाही. पण पस्तीस वर्षांत मी कार्डावर नोंद केल्याशिवाय एक खिळासुद्धा जागेवरून हलवला नव्हता, आणि जिथे नोंद करायला हवी होती नेमकी तिथेच केली नाही. कुठला चौकोन कुठे होता याचा कागद नाही, खूण नाही. आठवून बघितलं. आठ महिने रोज चार वाजता मी चहा घेऊन त्या भिंतीच्या समोर उभा होतो. मला कपावरचं फूल आठवलं, तिचा लांब झालेला हात आठवला, भिंत आठवली नाही. मला फार वाईट वाटलं, हे लिहायला लाज वाटत नाही.

पण माणूस भांडारातला. रविवारी सकाळी डोकं चालायला लागलं. खिडकीतल्या उन्हाने ती करडी चादर विटली होती आणि जिथे चौकोन होते तिथे तेवढीच गडद राहिली होती. म्हणजे कप्पे तयार होते! मोजले तर बारा ओळी, प्रत्येक ओळीत बारा जागा, एकशे चव्वेचाळीस. त्यातल्या मधल्या चार जागा विटलेल्या, म्हणजे मुळात रिकाम्या. तिला मधलं काहीतरी जमत नसावं. उरल्या एकशे चाळीस. हिशोब जुळला. आता लावायचे कसे? बाहेरून आत, पहिलं वर्ष कडेला, शेवटचं मधे, प्रत्येक निळ्याशेजारी एक छापील. दुसरं काय असणार? कुठलाही सरळ माणूस असंच लावेल. आणि निळे मला ओळखू येत होते! वरवर सगळे सारखे, पण कोटाचा पुरवठादार बदलला की निळा बदलायचा. पहिली चार वर्षं काळपट. मग तीन वर्षं जांभळ्याकडे झुकणारा. चौदावं वर्ष तर मी डोळे मिटून सांगेन, त्या वर्षी रंग इतका जायचा की आम्हा सगळ्यांच्या माना वर्षभर निळ्या होत्या आणि साहेबांची तर कॉलरच्या वर हनुवटीसुद्धा. दुपारपर्यंत सत्तरच्या सत्तर निळे जागेवर लागले. मी मागे सरकून पाहिलं. स्वतःचंच वय कडेकडून मधे येताना बघायला कसं वाटतं ते लिहून सांगता येणार नाही.

मग छापील घेतले आणि तिथे अडकलो. हे तिचे कपडे. त्या त्या वर्षी ती जे जास्त वापरायची ते, असा माझा तर्क. पिवळे ठिपके मी ओळखले, मुलीला पहिल्यांदा शाळेत सोडायला गेलो तेव्हा ती ते घालून होती आणि मुलीपेक्षा तीच जास्त रडली होती. हिरवी पानं ओळखली, तुमच्या घराच्या वास्तूच्या वेळी तुम्ही त्यावर आमटी सांडली होती (डाग अजून आहे, तो निघाला असं तुम्ही म्हणाला होतात). लाल पट्टे, माझा अपघात झाला तेव्हा दवाखान्यात बाकावर बसलेली. असे करत करत सहा. साडूभाऊ, पस्तीसपैकी सहा! कोट मी सहीनिशी घेतले होते म्हणून पस्तीस लक्षात. ती पस्तीस वर्षं माझ्यासमोर वावरली आणि मला सहा आठवतात. मी काल संध्याकाळी ते उरलेले अठ्ठावन्न चौकोन मांडीवर घेऊन बसलो होतो. सहाला फोन आला. खिडकी उघडता ना? मी हो म्हणालो. आवाज बसलाय का म्हणाली. मी म्हणालो, धूळ.

असो. पण मी हरलेलो नाही. आज सकाळपासून मी निळ्यांना हात लावून लावून पाहतो आहे आणि एक गोष्ट लक्षात आली आहे, की सामान लावण्याआधी बघावं लागतं. हे मला पस्तीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. उशिरा का होईना, मी आता बघतो आहे आणि मला ते आवडायला लागलंय.

ताईंना नमस्कार आणि गुडघ्याला आराम. कळावे, पण फक्त तुम्हालाच. लोभ आहेच, तो हे पत्र वाचून झाल्यावरही टिकावा.

तुमचा साडू,
(निवृत्त) भांडारप्रमुख

ता. क. एक किरकोळ गोष्ट राहिली. तुमच्याकडे ते तीन जाड अल्बम आहेत ना, ज्यांत लग्नं, बारशी, सहली सगळं आहे आणि प्रत्येक फोटोखाली तुम्ही सुंदर अक्षरात साल लिहिलेलं आहे? त्यांत तुमची मेहुणी बऱ्याच फोटोंत आहे, आणि प्रत्येक फोटोत काहीतरी घालून आहे. ते तिन्ही अल्बम ताबडतोब, तिच्या नकळत, पार्सलने पाठवा. मी कपडे पाहून साल लावीन. ती येत्या रविवारी निघणार असं म्हणते. ते होता कामा नये. आठ दिवस तरी ठेवून घ्या. ताईंना सांगा, दारापर्यंत गेल्या ते ठीक, पण तिच्यासमोर दोन पावलं टाकून ‘आई गं’ म्हणायला काय हरकत आहे? त्यांच्या बहिणीच्याच संसाराचा प्रश्न आहे.

ता. क. २. मंगळवार सकाळ. पत्र अजून घरातच आहे, कारण इंचपट्टींनी पत्ता लिहिताना पाकिटाच्या चारही बाजूंनी इंचभर जागा सोडायचा हट्ट धरला आणि टपालाची वेळ गेली. आणि आता वरचं सगळं बदललं आहे. आज तिचा फोन अवेळी, सकाळीच आला. म्हणाली, “अहो, भिंतीवरचे ते तुकडे तेवढे काढून ठेवा. मधलं काही जमत नाही. परत येऊन तेच बघायचं या विचारानेच कंटाळा येतो.” मी खुर्चीवर बसलो. म्हटलं, “काढले होते. परत लावले.” मग सगळं सांगितलं. बुधवारपासून. ती हसायला लागली, इतकी की तुम्ही शेजारच्या खोलीतून ऐकलं असेल (यंत्र कानात असेल तर). माझा वर्षांचा सिद्धांत ऐकून तर तिला ठसकाच लागला. कसली वर्षं? तिने वर्षंबिर्षं काही पाहिलं नव्हतं, डोळ्याला बरं दिसेल तसे लावले होते. निवृत्तीच्या दिवशी ही गोधडी मला द्यायची होती, मधलं जमेना म्हणून राहून गेली.

मी म्हटलं, मग काढतो. ती म्हणाली थांबा. मग जरा वेगळ्या आवाजात विचारलं, “कोट सगळे ओळखलेत?” मी म्हटलं सगळे. “आणि माझे कपडे?” साडूभाऊ, मनात आलं की पंधरा सांगावं, पण मोजदादीत मी कधी खोटं लिहिलेलं नाही. म्हटलं, “सहा.” ती म्हणाली, “सहा? मला दोनचीच आशा होती.” आणि म्हणाली, असू द्या तशीच, वर्षांप्रमाणेच. उरलेली एकोणतीस मी आल्यावर सांगते, एकेक. तिलाही दोन-तीन आठवत नाहीत, त्यासाठी अल्बम ती स्वतःच घेऊन येणार आहे, तेव्हा पार्सल नको. मधल्या चार जागांबद्दल मी विचारलं, की निवृत्तीनंतर तर कोट मिळत नाही, मग तिथे काय लावणार? तिने विचारलं, आत्ता अंगात कुठला सदरा आहे. म्हटलं, तोच नेहमीचा, मऊ, पिवळसर चौकटींचा. ती नुसतं ‘हं’ म्हणाली. पस्तीस वर्षांत मला तिचे कपडे कळले नसतील, पण तिचा ‘हं’ कळतो. सदऱ्याचे हे शेवटचे पाच दिवस आहेत. मी तो रोज घालणार आहे.

तेव्हा आठ दिवसांचं खोडून वाचावं, तिला रविवारीच पाठवा. ताईंना म्हणावं, खुशाल चाला. टाचण्या कुठे आहेत म्हणून तिने परीक्षा घेतली, मी म्हटलं फडताळ तीन, कप्पा दोन, डबा सात. ती म्हणाली, म्हणजे खिडकीजवळ. मी म्हटलं हो. यापुढे दुपारी चारला मी खोलीत स्टुलावर बसून चहा घेऊ शकतो, तिने परवानगी दिली आहे. एकच अट घातली: तिच्या मखमलीतल्या कात्रीला हात लावायचा नाही. ती फक्त कापडाची आहे, तिने आयुष्यात कागदाचा चिटोरासुद्धा कापलेला नाही, आल्या आल्या सदरा तिनेच कापायचा आहे. मी ठीक आहे म्हणालो.

ता. क. ३. हे पत्र खरं म्हणजे आता फाडायला हवं, पण पाच पानं वाया घालवणं माझ्या स्वभावात नाही, आणि आता तर एक काम पत्रानेच होण्यासारखं आहे. फोनवर तिला सगळं सांगितलं, कात्रीचं तेवढं राहिलं. काल संध्याकाळी इंचपट्टींनी ती कात्री एका चिंधीवर (माफ करा, तुकड्यावर) चालवून पाहिली. ती कापत नाही, चावते. धार लावून येईल का म्हटलं तर त्यांनी टेप गळ्यातून काढून हातात घेतली, आणि मी आत्ताच वर लिहिलं आहे की ते ती लग्नातही काढत नाहीत. ती कात्री तिला ताईंनीच तुमच्या चौकातल्या दुकानातून घेऊन दिली होती. तेव्हा तशीच, काळ्या मुठीची, त्याच लांबीची कात्री आणून अल्बमच्या खोक्यात अगदी तळाशी ठेवा. खोकं तीच घेऊन येईल, मी गाडीवर जाऊन ते तिच्या हातातून घेईन. जुनी मखमल मी जपून ठेवली आहे. दुकानात कात्री पारखून घ्या, पण कापडावर. आणि खोक्यावर ‘अल्बम’ असं लेबल लावायचं झालं, तर पुठ्ठा हातानेच फाडा.